हातात डिग्री आहे, मायक्रोमीटर धरता येत नाही. चूक कोणाची?

जुना फिटर, अंबड
परवा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमच्या शॉपवर सीएनसीसाठी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) सहा पोरं आली, सगळी डिप्लोमा-डिग्रीवाली. टेबलावर शाफ्ट, ड्रॉइंग आणि बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर ठेवला. व्यास 20 मिमी, टॉलरन्स म्हणजे चालणारा फरक 0.02 मिमी. दोघांनाच मोजता आलं. एकाने तर थिंबल, म्हणजे फिरवायची नळी, शिकंज्यासारखं आवळलं. जास्त दाब पडू न देणारं मागचं रॅचेट कशाला असतं, हे त्याला चार वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. आणि आपण गप्पा मारतो चीन-व्हिएतनामशी टक्कर घ्यायच्या! नवी इंजिनिअरिंग कॉलेजं पुरे झाली. तोच पैसा आयटीआयच्या मशीनवर घाला. जर्मनीत पोरगं आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि उरलेले शाळेत असतं. आपला अप्रेंटिस कायदाही 1961 चा आहे, पण अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर!

रात्रपाळी
काका, स्वस्तातला हेल्पर कोण ठेवतं तेही लिहा की. अंबडातच तीन कंपन्या झाल्या माझ्या. दरवेळी 240 दिवस भरायच्या आत ब्रेक, कारण ते भरले की कायद्याने सलग नोकरी धरली जाते. सातव्या महिन्यात मशीन हाताला बसते आणि गेटपास काढून घेतात. पुढच्या गेटवर पुन्हा झाडूपासून सुरुवात. शिकू कशाला?

जुना फिटर, अंबड
आणि शिकवलेली पोरं दोन हजारांसाठी शेजारच्या गाळ्यात जातात, त्याचं काय? गेल्या वर्षी चार गेली.

अर्थशास्त्रवाली
तुमच्या दोघांचं भांडण अमेरिकन अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी साठच्या दशकातच मांडून ठेवलंय. जे कौशल्य कुठल्याही कारखान्यात चालतं, त्याचा खर्च मालक उचलत नाही, कारण फायदा शेजारी नेतो. मग तो खर्च कामगाराने कमी पगार घेऊन सोसायचा, नाहीतर सरकारने करायचा. जर्मनीत बहुतेक धंद्यांची परीक्षा उद्योगांचं चेंबर घेतं, त्यामुळे दाखला सगळीकडे चालतो. इथे अनुभवाचा दाखला म्हणजे लेटरहेडवरच्या दोन ओळी, त्याही मिळाल्या तर.

सुरगाण्याचा मास्तर
तुमची चर्चा विशीपासून सुरू होते, माझी चौथीपासून. ऑक्टोबर छाटणी झाली की इथली कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. पोरगी हजेरीपटावर असते, प्रत्यक्षात बांधावर धाकट्याला घेऊन बसलेली. परतते तेव्हा वर्गात अपूर्णांक संपलेले असतात. 0.02 म्हणजे किती, हे तिला कोण सांगणार? जागतिक बँकेच्या 2020 च्या मानवी भांडवल निर्देशांकात (आजचं मूल पुढे किती कामाचं होईल याचं 0 ते 1 माप) भारत 0.49 वर होता, दक्षिण कोरिया 0.80 वर. त्यात कुपोषणाने खुंटलेली उंचीही मोजतात, नुसती शाळा नाही.

बागाईतदार, निफाड
झालं, आलं बागाईतदारावर! मास्तर, बागेजवळ शाळा काढा, जागा मी देतो. पण ज्या बायांना तुम्ही बिचाऱ्या ठरवताय, त्यांची विरळणी बघायला या. घडात कुठला मणी ठेवायचा, कुठला उडवायचा, हे कात्री चालता चालता ठरतं. मणी दाटले तर युरोपला जायचा माल लोकल बाजारात जातो. शेतकीचा पदवीधर ठेवला होता, त्याला दिवसाला त्यांच्या निम्मे घड जमेनात. कागदावर मात्र त्या ‘अकुशल’.

सुरगाण्याचा मास्तर
मग मजुरी कुशलची देता का?

बागाईतदार, निफाड
टोळीचा मुकादम ठरवतो.

रात्रपाळी
आमच्याकडे त्याला कॉन्ट्रॅक्टर म्हणतात.

जुना फिटर, अंबड
रात्रपाळी, सध्या ब्रेकवर असशील तर मंगळवारी सुट्टीच्या दिवशी घरी ये. माझ्याकडे जुना मायक्रोमीटर आहे, तासाभराचं काम. नोकरीचं बोलू नकोस, ते माझ्या हातात नाही.

रात्रपाळी
येतो काका. पण 240 दिवसांवर तुम्ही अजून एक अक्षर बोलला नाहीत.