मदत हवी आहे: ज्येष्ठांना तब्येतीचा प्रश्न एकांतात कसा विचारावा?

सातारा जिल्ह्यातल्या वाड्यांवर, घरीच राहणाऱ्या साठीपुढच्या ज्येष्ठांची पाहणी चालू आहे. 'एकंदरीत तब्येत कशी वाटते?' याला 'खूप चांगली' ते 'खूप वाईट' असे पाच पर्याय. सोबत आजारांची यादी, अंघोळ-कपडे-जेवण अशी रोजची कामं स्वतः जमतात का हे पाहणारे कॅट्झचे ६ मुद्दे आणि ज्येष्ठांमधलं नैराश्य तपासणारी १५ प्रश्नांची जीडीएस.

बीपीची गोळी घेणारे आजोबा रानात जाऊन येतात, म्हणून 'चांगली' म्हणतात. कसलंच निदान नसलेल्या आजी गुडघ्यांपायी देवळापर्यंत जाता येत नाही म्हणून 'वाईट'. ही तफावत चूक नाही, तीच तर मोजायची आहे. पण सून किंवा मुलगा शेजारी असला की उत्तर हमखास मधल्या पर्यायावर येतं.

आजारांच्या यादीनंतर विचारलं तर उत्तर खाली घसरू शकतं, म्हणून हा प्रश्न सुरुवातीलाच घेतलाय. घरच्यांनी परस्पर दिलेलं उत्तर धरत नाही. तरी अनेकांना कमी ऐकू येतं. मोठ्याने विचारलं की माजघरात बसलेल्यांनाही ऐकू जातं. बरेच जण निरक्षर, काहींना मोतीबिंदू. वेळ घरटी अर्धा तास.

चेहऱ्यांची चित्रं दाखवली तर लोक तब्येतीऐवजी त्या दिवसाचा मूड सांगतील, ही भीती. त्यापेक्षा बोट ठेवता येईल अशी पाच पायऱ्यांची ठळक शिडी कुणी वापरली आहे का, आणि कमी दिसणाऱ्यांना ती जमली का?