मदत हवी आहे: रीबूट लागणार हे सर्व्हर अपडेट करण्याआधीच कळेल का?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत मी सर्व्हर सांभाळतो. मशिनं महापे एमआयडीसीतल्या एका डेटा सेंटरमध्ये आहेत: ६ उबुंटू २२.०४, ३ अल्मालिनक्स ९ आणि १ सुसे (तिन्ही लिनक्सचेच प्रकार). त्यांवर एका पॅथॉलॉजी लॅबचं काम चालतं. रक्ताचे रिपोर्ट रात्रीही निघत असतात, म्हणून रीबूटसाठी लॅबची लेखी परवानगी दोन दिवस आधी घ्यावी लागते. ते योग्यच आहे. रिपोर्टची वाट बघत कुणीतरी आयसीयूबाहेर बसलेलं असतं.

माझी अडचण अशी. उबुंटूवर रीबूट लागणार असेल तर व्हार-रन फोल्डरमध्ये रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल येते, पण अपडेट झाल्यावर. अल्मावर नीड्स-रिस्टार्टिंग या कमांडला आर पर्याय दिला तरी तेही झाल्यानंतरचंच सांगतं. अपडेट शुक्रवारी रात्री असतं आणि मला उत्तर बुधवारी हवंय. शिवाय त्यातलं एक जुनं मशीन रीबूटनंतर दोनदा उठलंच नव्हतं, त्यामुळे रीबूट असेल तर एक माणूस महापेला उभा करावा लागतो. रात्री दोनला लोकल नसते, कळवा-विटावा-ऐरोली करत रिक्षाने जावं लागतं.

मध्यंतरी खबरदारी म्हणून दरवेळी परवानगी मागायचो. सलग तीनदा गरज पडली नाही. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "आमची माणसं उगाच जागी राहतात हो." पुढच्या वेळी मागितली नाही आणि नेमकं जीलिबसीचं (जवळजवळ सगळे प्रोग्रॅम वापरतात ती मूळ लायब्ररी) अपडेट आलं. रीबूट न झाल्याने सगळ्या सेवा ११ दिवस मेमरीत जुनीच लायब्ररी धरून चालत होत्या. कागदावर पॅच (दुरुस्ती) लागलेला, प्रत्यक्षात सुरक्षेचं भोक तसंच. ते ११ दिवस मला नीट झोप नव्हती.

जाणकारांनी कृपया सांगावं, आधी कळण्याचा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद १
सुसेचं सोपं आहे. झिपर (सुसेचं पॅकेज बसवायचं साधन) वापरून झिपर लिस्ट-पॅचेस चालवा. त्यात इंटरॅक्टिव्ह नावाचा रकाना असतो. ज्या पॅचला रीबूट लागणार त्याच्यासमोर तिथे रीबूट असंच लिहिलेलं असतं, आणि तेही पॅच बसवण्याआधी. तुमचं एक मशीन सुटलं.

प्रतिसाद २
उबुंटूवर रीबूट मागायचं की नाही हे पॅकेजच ठरवतं, इन्स्टॉल झाल्यावर चालणाऱ्या पोस्टइन्स्ट स्क्रिप्टमधून. म्हणून एपीटी (उबुंटूचं पॅकेज बसवायचं साधन) तुम्हाला आधी काही सांगत नाही. पण त्या स्क्रिप्ट तुमच्या मशीनवरच आहेत ना! व्हार-लिब-डीपीकेजीच्या इन्फो फोल्डरमधल्या पोस्टइन्स्ट फाइलींमध्ये ग्रेपने (मजकूर शोधायची कमांड) रीबूट-रिक्वायर्ड शोधा. कुठली पॅकेजं रीबूट मागू शकतात त्यांची यादीच हाती येते. त्यात लिनक्स-इमेज हाताने घाला, कारण कर्नलची (सिस्टमचा गाभा, तोच या पॅकेजमध्ये असतो) सोय ईटीसी-कर्नलमधल्या वेगळ्या स्क्रिप्टमधून होते. मग बुधवारी एपीटी-गेट एस पर्यायाने चालवा. नुसती तालीम होते, काही बसत नाही. दोन याद्या जुळवा.

एक जपा: तालीम डिस्ट-अपग्रेडची करा. नवं कर्नल नव्या नावाचं पॅकेज म्हणून येतं आणि एपीटी-गेटचं साधं अपग्रेड नवं पॅकेज बसवत नाही, मागे ठेवतं. मी स्वतः यात फसलोय.

अल्मावर डीएनएफ (तिथलं पॅकेज बसवायचं साधन) चेक-अपडेटच्या यादीत कर्नल, जीलिबसी, लिनक्स-फर्मवेअर, सिस्टमडी, डीबस यांपैकी काही दिसलं की रीबूट धरून चाला. नीड्स-रिस्टार्टिंगसुद्धा नंतर हीच नावं बघतं. स्क्रिप्ट लिहिणार असाल तर अपडेट उपलब्ध असताना चेक-अपडेट १०० हा कोड परत देतं. ती चूक समजून स्क्रिप्ट थांबवू नका.

प्रतिसाद ३
लाइव्हपॅच (उबुंटूची चालू कर्नलला पॅच लावणारी सेवा) घ्या की. रीबूटच नको.

धागाकर्ता
@प्रतिसाद ३, विचार केला होता. पण लाइव्हपॅच चालू कर्नलमधली सुरक्षेची भोकं बुजवतं. मला ११ दिवस छळलं ते जीलिबसीने, तिथे त्याचा उपयोग नाही.

@प्रतिसाद २, मनापासून आभार. ग्रेप करून पाहिलं, जीलिबसी आणि डीबस दोन्ही सापडले. पण एक शंका. बुधवारी यादी बघितली आणि गुरुवारी नवं कर्नल आलं तर?

प्रतिसाद २
तर तुमची परवानगी वाया, म्हणून पॅकेजं गोठवा. उबुंटूसाठी आम्ही अ‍ॅप्टली वापरतो. त्यात बुधवारी मिररचा (पॅकेजांच्या भांडाराची आपल्याकडची प्रत) स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे ती त्या क्षणी आहे तशी जपून ठेवायची, आणि शुक्रवारी सर्व्हरना तोच दाखवायचा. जमलं तर बुधवारीच एका चाचणीच्या मशीनवर खरोखर बसवून बघा. याद्या जुळवून अंदाज येतो, चाचणीच्या मशीनवर रीबूट-रिक्वायर्ड फाइल उगवली की खात्री पटते. मधेच एखादा तातडीचा सुरक्षा पॅच आला तर मात्र लॅबशी वेगळं बोला, गोठवलंय म्हणून तो अडवू नका.

धागाकर्ता
आज बुधवार. तालमीत नवी लिनक्स-इमेज दिसली, चाचणीच्या मशीनवर फाइलही आली. लॅबला पत्र पाठवलं आणि या वेळी कारणात पॅकेजचं नाव लिहिलं. मॅडमनी तासाभरात होकार कळवला. शुक्रवारी रात्री मी स्वतः महापेला थांबतोय.

अल्मासाठी असा स्नॅपशॉट कुणी ठेवतं का? तीनच मशिनं आहेत, फार मोठा पसारा नको.