विषय: २१ तारखेची क्योतो सहल – जेवणाचं अडलंय

सहल समिती:
मंडळी, नमस्कार. तोजी मंदिराचा बाजार नक्की, गाडीही नक्की. राहिलं शाकाहारी जेवण. स्टेशनजवळ एक उदोनचं, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवयांचं दुकान पाहिलंय. वर फक्त कांद्याची पात घालतात आणि सगळे एकदम बसू शकतील. बुकिंग करू का? आज रात्रीपर्यंत कळवा.

ओसाकाहून:
कृपा करून थांबा! वर काय घालतात ते सोडा, रस्सा कशाचा ते विचारा. उदोनच्या दाशीत (रश्श्यात) बहुतेक ठिकाणी कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेला मासा असतो. 'निकु नुकी' सांगितलं तर मांस काढतात, दाशी तीच राहते. भारतातून आलेले आई-बाबा विश्वासानं जेवणार आहेत, त्यांच्या पानात हे नको.

कोबेचे काका:
ताईंचं शंभर टक्के बरोबर. क्योतोच्या पश्चिमेला, आराशियामाला तेन्र्युजी मंदिराच्या आवारात 'शिगेत्सु' हे उपाहारगृह आहे. शोजिन र्योरी, म्हणजे मठातलं जेवण. दाशी कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमची. कांदा-लसूणही नाही, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांनाही चालेल. तिळाचं गोमा-दोफु (टोफूसारखी मऊ वडी) तर जिभेवर अलगद विरतं. आधी बुकिंग लागतं आणि बागेचं तिकीट वेगळं. आम्ही मागेही हेच सुचवलं होतं.

योकोहामाहून:
बाजार अर्धवट टाकून आराशियामा कशाला? दशम्या-चटणी न्या, कामो नदीकाठी बसा.

ओसाकाहून:
नदीकाठी नको हो! तिथल्या घारी मागून झडप घालतात. माझ्या लेकीच्या हातातला ओनिगिरी (भाताचा गोळा) असाच गेला, बोटाला ओरखडा आला. निशिकी बाजारातही खात खात हिंडू नका, दुकानदारांना आवडत नाही. घ्याल तिथेच उभं राहून संपवा.

नागोयाहून:
बाजाराला वेळ द्याच. कोबो दाइशी या बौद्ध भिक्षूंच्या तिथीचा म्हणून दर २१ला भरतो. जुने किमोनो, ओबी (किमोनोचे कंबरपट्टे), चिनीमातीची भांडी असं सगळं मिळतं. रोख पैसे ठेवा. आणि तिकीट काढून तोजीच्या कोदोमध्ये, म्हणजे मूर्तींच्या सभागृहात जाच: हंसांवर बसलेले ब्रह्मदेव, हत्तीवर इंद्र. सासऱ्यांनी कोणी न सांगता ओळखले आणि हात जोडून कितीतरी वेळ तिथेच उभे राहिले.

खजिनदार:
आगाऊ रक्कम मंडळाच्या खात्यातून जाते. कोणीही परस्पर बुकिंग करू नये, समितीनंसुद्धा. आकडा आधी माझ्याकडे. खरेदीवरच्या करमाफीचंही पुन्हा विचारताय, म्हणून सांगतो: ती पर्यटक म्हणून आलेल्यांना, त्यांच्याच पासपोर्टवर. इथे राहणाऱ्यांनी त्यांच्या नावावर स्वतःची खरेदी करू नये.

सहल समिती:
उदोन रद्द. सकाळी तोजी, मग क्योतो स्टेशनवरून सागानो लाइननं साधारण पाव तासात सागा-आराशियामा, जेवण शिगेत्सुला. बसच्या गर्दीत ज्येष्ठांना उभं राहावं लागणार नाही. खजिनदारसाहेब, आकडा उद्या देते. शिगेत्सुला जेवायला जमिनीवर बसतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांची नावं आजच पाठवा, खुर्च्यांचं बुकिंगच्या वेळीच विचारायचंय.