३५ इंची टायर टाकलेत? मग डिफ रेशो ४.५६च घ्या

चढवेडा:
माझी फोर बाय फोर पेट्रोल ऑटोमॅटिक, आधी ३१ चे टायर आणि ३.७३ डिफ रेशो (डिफ म्हणजे एक्सलमधला डिफरन्शिअल; चाक एकदा फिरायला शाफ्ट ३.७३ वेळा फिरतो, आकडा मोठा तेवढा जोर जास्त पण इंजिनही जास्त फिरतं). ३५ चे टाकले आणि पिकअप मेलं, जरा चढ लागला की टॉप गिअर सोडते, परत धरते, परत सोडते, डोकं फिरतं. हिशोब सोपाय, जुना रेशो गुणिले नवा टायर भागिले जुना टायर, ३.७३ × ३५ ÷ ३१ = ४.२१. हा रेशो मिळत नाही, एकतर ४.१० नाहीतर ४.५६. माझं मत, ४.५६. सूत्राला फक्त टायरची उंची कळते, त्याचं वजन आणि वाढलेला वारा कळत नाही. ४.१० घेऊन हळहळणारे पाहिलेत, ४.५६ घेऊन पस्तावलेला अजून भेटला नाही.

डिझेलदादा:
नमस्कार, भेटलो. डिझेल मॅन्युअल. डिझेलचा जोर खालच्या आरपीएमलाच असतो, ४.५६ टाकल्यापासून पहिला गिअर नावापुरता उरलाय, टाकला की लगेच दुसरा मागते. १०० च्या स्पीडला १:१ गिअरमधे (इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात तो) ४.१० वर साधारण २४५० आरपीएम, ४.५६ वर २७२०. दिवसभर तो आवाज ऐका मग बोलू. दगडात हळू चालायला लो रेंज (फोर बाय फोरची जास्त जोराची, कमी स्पीडची सेटिंग) आहे ना?

चढवेडा:
दादा, ओव्हरटेक करताना लो रेंज टाकता का तुम्ही? ३१ च्या टायरवर कंपनीचा सेटअपच २५१० फिरायचा, २०० ने काय आभाळ कोसळतं, आणि वर ओव्हरड्राइव्ह (इंजिन कमी फिरवणारा सगळ्यात वरचा गिअर) आहेच की.

डिझेलदादा:
पिनियनचं बोला मग. बहुतेक सेटमधे ४.१० म्हणजे क्राउन (डिफमधलं मोठं चक्र) ४१ दात, पिनियन (त्याला फिरवणारं छोटं) १०. ४.५६ ला पिनियन ९. दात कमी तसा पिनियन बारीक, आणि एवढा जड टायर दगडात अडकून सुटला की झटका तिथेच बसतो.

चिखल्या:
छापलेल्या आकड्यावर काय भांडताय, आधी टेप लावा. ३५ लिहिलेला टायर गाडीखाली बऱ्याचदा ३४ च्या आसपासच भरतो. ३४ धरा, उत्तर ४.०९. म्हणजे ४.१०, विषय संपला.

चढवेडा:
मग जुना ३१ पण मोजा की राव, तोही कमीच भरणार. एकच बाजू कापायची हा कुठला हिशोब :)

नवाभिडू:
मधेच विचारतो, बजेट कमी आहे, आत्ता फक्त मागचा डिफ बदलला तर?

चिखल्या:
अजिबात नको!! पुढचा वेगळा मागचा वेगळा ठेवून फोर व्हील टाकलंत की दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडणार, कोरड्या रस्त्यावर तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) नाहीतर शाफ्टचा बळी जाणार. दोन्ही एकदम करा, नाहीतर टू व्हीलमधेच चालवा. आणि माणूस असा शोधा जो शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) मोजतो आणि रंग लावून दातांचा पॅटर्न बघतो. मी घाईत एकाकडे दिली, गाडी घरी येईपर्यंत डिफ रडायला लागला होता. रेशो कुठलाही घ्या, फिटिंग चुकलं की सगळं पाण्यात. सुरुवातीला हळू चालवा, मधे थांबून थंड होऊ द्या, ८०० किमीच्या आसपास ऑइल बदला.

डिझेलदादा:
याला +१. आणि चढवेडा, पेट्रोल ऑटोमॅटिकला ४.५६ ठीक, गिअरबॉक्स तरी कमी तापेल. पण डिझेलवाल्यांच्या गळ्यात मारू नका.

चढवेडा:
अहो पहिल्याच ओळीत पेट्रोल लिहिलंय.

डिझेलदादा:
शीर्षकात कुठाय?