घरांसाठी झटलेल्या सहकाऱ्याचा निरोप समारंभ

प्रश्न : म्हाडात ३३ वर्षे काम केलेल्या आमच्या ज्येष्ठ सहकारी या महिनाअखेर निवृत्त होत आहेत. २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, तेव्हा कागदपत्रांच्या छाननीत त्या होत्या. शाल-श्रीफळापलीकडे त्यांचा उचित सन्मान कसा करावा?

उत्तर : घर मिळालेल्या एखाद्या कुटुंबाला अवश्य बोलवावे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी परतलेल्या कामगाराच्या मुलाने किल्ली हाती आल्याचा क्षण सांगितला, तर त्याची सर कोणत्याही भाषणाला येणार नाही.

उत्तर : मानपत्र मात्र द्यावेच, त्यात ‘अमूल्य सेवा’ असे मोघम शब्द नकोत, प्रत्यक्ष प्रसंग असावेत.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. कामगारांच्या जीर्ण ओळखपत्रावरचा पुसट तिकीट क्रमांक (गिरणीतला कामगार क्रमांक) त्या भिंगाने वाचत असत; मानपत्राची सुरुवात तिथूनच करते.