मदत हवी आहे: सशाचं पिल्लू खातच नाहीये

रानफूल
घरी सशाचं पिल्लू आणलंय. काही म्हणजे काही खात नाही. गाजर पुढे धरलं की नुसतं हुंगतं नि तोंड फिरवतं. कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं असतं. भूक वाढायला काय देऊ? लवकर सांगा प्लीज, लेक सारखी रडतेय.

अवलिया_७
वय किती? कधी आणलं? आधी काय खायचं? शी होतेय का?

निशिगंध
गाईचं दूध कोमट करून ड्रॉपरने पाजा. आम्ही असंच जगवलं होतं.

गवताळ
दूध अजिबात नको! सहा-आठ आठवड्यांत सशाचं दूध सुटतं. गाईच्या दुधाने जुलाब लागले तर एवढासा जीव तग धरत नाही. रानफूल, गाजरही बाजूला ठेवा, साखर फार असते त्यात. वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं.

निशिगंध
आमचं जगलं हो. अनुभव आहे म्हणून सांगितलं.

गवताळ
तुमचं आईवेगळं, अंगावर पिणारं असेल. तिथेसुद्धा मांजराच्या पिल्लांची दूध पावडर किंवा शेळीचं दूध वापरतात.

रानफूल
अहो भांडू नका. विकणारा दोन महिन्यांचं म्हणाला. तिकडे दाणे खायचं, मी दुसरे आणलेत. शी थोडी आहे.

मुक्ता_क
नर आहे की मादी? जोडी ठेवणार असाल तर चौथा महिना लागायच्या आत वेगळे करा. महिन्याभरात पिल्लं होतात.

रानफूल
एकच आहे ताई, आणि ते खात नाहीये!

अवलिया_७
थोडी म्हणजे किती? लेंड्या हातात घेऊन बघा. सगळं तिथेच कळतं.

रानफूल
बघितल्या. मिऱ्याहून लहान, काळ्या, कडक. दोन तर केसाने एकमेकींना चिकटल्यात. रात्रीपासून नवीन एकही नाही.

गवताळ
मग भूक वाढवायचं सोडा, आतडं मंदावलंय. सशाने बारा तास काही खाल्लं नाही तर ती तातडीच समजायची. त्याला उलटी होत नाही. पोट हलकेच चाचपा. ताठ, फुगलेलं असेल तर सिरिंजने काही भरवू नका. कान गार आहेत का?

दंतकथा
दातही बघा कुणीतरी. सशाचे दात जन्मभर वाढतात. दाढेला टोक आलं की जीभ सोलते, मग भूक असूनही खाववत नाही. माझ्या सशाचं हेच होतं, पुढचे दात दिसायला अगदी छान.

अवलिया_७
दोन महिन्यांच्या पिल्लाला दाढेचं सहसा नसतं. या वयात जंत, कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) आधी बघतात. लेंड्या डबीत घालून सोबत न्या.

रानफूल
कान गार आहेत. पोट ताठ वाटतंय. निघतेय. जवळचे डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे आहेत, चालतील?

गवताळ
आधी फोन करून विचारा, ससे बघतात का. आणि तोंडावाटे अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन दिलं तर स्पष्ट नाही म्हणा. पोटातले चांगले जिवाणू मरतात, ससा दगावतो. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा, त्याला सरकायला जागा सोडून.

मुक्ता_क
घरातलं कुणीतरी विकणाऱ्याकडून जुने दाणे आणून ठेवू दे. खायला लागलं की आधी तेच द्या, नवे आठवडाभर चिमूट चिमूट मिसळा.