जॉन शायर दाखवून पोरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका

ब्लूमिंग्टनकर: काल सिक्स्थ मॅन यांनी लिहिलं, 'कॉलेज बास्केटबॉलमध्ये असिस्टंट कोच व्हा, आठ-दहा वर्षं मान खाली घालून राबा, हेड कोचची खुर्ची ठरलेली. शायर बघा.' बघितला. ड्यूक विद्यापीठाच्या २०१०च्या विजेत्या संघातला खेळाडू, २०१३ला कोचिंगसाठी तिथेच परत, २०२२ला थेट तिथले दिग्गज हेड कोच 'कोच के' (माइक शेशेफ्स्की) यांच्या जागी. असे किती निघतात? डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या सगळ्यात वरच्या गटात, संघ साडेतीनशेच्या वर. २०२३पासून प्रत्येकाला तिनाऐवजी पाच असिस्टंट ठेवता येतात. खुर्च्या तेवढ्याच, रांग लांबली. टॉमी लॉइडना गोन्झागा विद्यापीठात असिस्टंट म्हणून २० वर्षं काढल्यावर ॲरिझोनाचं हेड कोचपद मिळालं.

सिक्स्थ मॅन: लॉइडचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. परदेशातली पोरं हेरून गोन्झागात आणली, म्हणून नाव झालं. आणि बिल गथ्रिज? नॉर्थ कॅरोलायनाचे हेड कोच डीन स्मिथ यांच्या हाताखाली ३० वर्षं. १९९७ला संघ हाती आला आणि तीन मोसमांत दोनदा फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत!

ब्लूमिंग्टनकर: तीस वर्षं! एवढ्यात आमच्याकडे माणूस रिटायर होऊन गावाकडे घर बांधतो.

कोल्हापूरची लेक: घरच्यांना विचारा जरा. आमचे दाजी अमेरिकन, एका लहान कॉलेजात असिस्टंट. मॅचच्या आधी रात्री दोन वाजता समोरच्या टीमचा एकेक पिक-अँड-रोलचा डाव व्हिडिओतून कापून क्लिपा करत बसतात. मार्चमध्ये मोसम संपल्यावर हेड कोचला काढलं की यांचाही गाशा गुंडाळला. नवा येतो तो आपली माणसं घेऊन. ताईच्या फ्रीजवर अजून मागच्या गावच्या स्कूलबसचं वेळापत्रक आहे.

नियमवाला: पगाराचंही बोला. १९९१ला एनसीएएने (कॉलेज खेळांची नियामक संस्था) नियम करून प्रत्येक संघातल्या एका असिस्टंटची कमाई वर्षाला १६,००० डॉलरवर बांधली होती. कोर्टात हरले, १९९९ला ५ कोटी ४५ लाख डॉलर मोजून मिटवलं.

झोन डिफेन्स: पैशांचं काढलंत, तर २०१७ही काढा. एफबीआयने ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि यूएससी या विद्यापीठांचे चार असिस्टंट लाचेच्या प्रकरणात उचलले. हेड कोच एकही नाही!

सिक्स्थ मॅन: विषय काय, चाललंय काय! लाच घेतली, चौघांनी गुन्हा कबूल केला. बिचारे कसले?

झोन डिफेन्स: बिचारे कुणी म्हटलं? चष्मा लावून वाचा. चांगला पोरगा संघात आला तर हेड कोचची नजर पारखी, भानगड निघाली तर असिस्टंटची करणी. हा धंदा आहे.

नियमवाला: हेड कोच रिक पिटिनोंची लुईव्हिल विद्यापीठातली नोकरी गेली की त्याच प्रकरणात.

झोन डिफेन्स: गेली! मग २०२०ला आयोनाचे हेड कोच, २०२३ला सेंट जॉन्सचे. त्या चौघांतले दोघं तुरुंगात जाऊन आले, तिघांवर १० वर्षांचं शो-कॉज, म्हणजे कॉलेज कोचिंगमधून जवळपास बंदीच. घ्या न्याय.

सिक्स्थ मॅन: तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

झोन डिफेन्स: आपटा. भिंत मजबूत आहे.

कोल्हापूरची लेक: झालं का भांडून? मूळ प्रश्न नोकरीचा होता.

सिक्स्थ मॅन: बरं, ठरलेली खुर्ची नाही, सापशिडी म्हणा, खूश? पण बावीस वर्षांचा पोरगा, लग्न नाही, डोक्यावर कर्ज नाही. ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून लागला तर फी सुटते, मास्टर्स पदरात पडते. मी तर जा म्हणेन.

ब्लूमिंग्टनकर: फीचं पटलं. तेवढंच. शायरवाली ओळ काढून टाका आधी.